मुनशी आपला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंदूला नाही, देवालाही नाही. देवासमोर उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा व्हायचो. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच जमेल असं वाटतं. शाळा चौथीपर्यंतची आहे, तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून पलंगावर चादर घातली. मागच्या खोलीत. ती रबरवाली चादर, एक कोपरा बसवला की दुसरा सुटतो. इंदू त्या बाजूला, मी ह्या बाजूला. माझा कोपरा तीनदा सुटला.

"तीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढलीत म्हणे," ती म्हणाली. "आणि पलंगाला मोजा चढवता येत नाही."

मी हसलो. तिने चादरीवरून हात फिरवला, एकेक सुरकुती काढली, मग उशी थोपटली. "पोरगी झोपेल ना हो इथे नीट? ह्या खोलीत ओल फार आहे."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम म्हणाल तर ते शेवटचं. चादर घालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली होती. पण मला सांगायचं आहे ते तिच्या जाण्याचं नाही. ते माझं आहे.

पोरगी म्हणजे केतकी. इंदूच्या भाचीची मुलगी. रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून तिला वर्ष झालं होतं, पण नॉटिंगहॅमला आमच्याकडे यायला सवड झाली नव्हती. मंगळवारी तिचा फोन आला. इंदू अंघोळीला गेली होती, मी घेतला.

"आजोबा, शनिवारी येते, नक्की! आणि ऐका ना, आईच्या ट्रंकेतल्या वस्तू मी इकडे आणल्या होत्या, त्यात एक जुना कागद निघालाय. ऑफिशियल लेटर आहे, इकडच्या सरकारचं, वरचा छाप दिसतोय. मी उघडून वाचलं नाहीये अजून. आईची वस्तू आहे ना… मला ते आजीसमोरच उघडायचंय. आजीला सांगा हं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. किटली उकळून बंद झाली, तरी मी तिथेच उभा.

तो कागद काय होता ते मला न बघता ठाऊक होतं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

पण तो कागद कळायचा तर आधी इंदूचं माहेर कळायला हवं. थोडं थांबा, सांगतो. मी टाळतोय असं वाटेल. टाळतोही असेन.

इंदूच्या माहेरचं संस्थान लहान होतं. नाव नाही सांगत, तिथे अजून तिची माणसं आहेत. तिचा खापरपणजा वाड्यावर दिवाबत्तीच्या चाकरीला होता. देवघरातला नंदादीप त्याच्याकडे. राजा निपुत्रिक. मरायला टेकला तेव्हा त्याने भाऊबंदांतला सहा वर्षांचा पोर दत्तक घेतला, विधी झाले, पेढे वाटले. राजा गेला. तेराव्याच्या आत साहेब आला. दरबार भरवला, पोराला गादीशेजारी बसवलेलं होतं, आणि साहेबाने एक कागद वाचून दाखवला. इंग्रजीत. कुणाला काय कळणार? मग साहेबाशेजारी उभा असलेला मुनशी म्हणाला — दत्तक नामंजूर. संस्थान खालसा.

झालं. पोराच्या अंगावरचा शेला काढून घेतला आणि त्याला त्याच्या गावी परत पाठवला. जामदारखान्याला लाख लावून मोहर केली. हत्ती, पालख्या, राणीची भांडीकुंडी, सगळ्याचा लिलाव. देवघराच्या दारालाही लाख लावली, आणि आत नंदादीप जळत होता. खापरपणजा तेल घेऊन दाराशी उभा. त्याला आत सोडलं नाही.

तेव्हापासून इंदूच्या घरात एक रीत होती. कार्तिकातली ती तिथी आली की तिन्हीसांजेला दिवा लावायचा नाही. सगळ्यांनी अंधारात बसायचं. घरातला कर्ता पुरुष "लाव आता" म्हणेपर्यंत. मग बाईने उठून लावायचा.

ही रीत तिने इथेही सोडली नाही. नॉटिंगहॅमला त्या दिवसांत चारलाच अंधारतं. ती टीव्ही बंद करायची, फ्रीजचं बटणसुद्धा, कारण दार उघडलं तर आतला दिवा लागतो. एकदा शेजारची आयरिश म्हातारी मेणबत्त्या घेऊन दारात आली, वीज गेली समजून. इंदूने तिला आत घेतली, सेटीवर बसवली आणि अंधारातच चहा दिला. ती बिचारी काही न विचारता बसून राहिली. पुढच्या वर्षी आपणहून आली.

अंधारात इंदू दरवर्षी तेच बोलायची. "तो दिवा आत किती वेळ जळला असेल हो?" आणि दुसरं, मुनशीचं. शिव्या ती साहेबाला कमी आणि मुनशीला जास्त द्यायची. "साहेब परका. त्याचं काय घेऊन बसलात? पण मुनशी आपला होता. कागदात काय होतं ते त्या एकट्याला माहीत. त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी मान खाली घातली. वाचलं होतं का कुणी?" पुढे त्या मुनशीला जमीन इनाम मिळाली, असं त्यांच्याकडे सांगतात. खरंखोटं देव जाणे.

आता माझं.

आम्हाला मूल झालं नाही. इंदूचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको एसटीच्या अपघातात एकाच दिवशी गेले. मागे पाच वर्षांची मंदा राहिली. पोरीला चुलते अण्णांकडे ठेवलं. इंदू म्हणाली, आपण तिला आणू, आपली करू. मी हो म्हटलं. का म्हटलं? नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. माझे सगळे हो तसलेच.

अर्ज केला. एक बाई घर बघून गेली, काउन्सिलची. सह्या झाल्या, वकिलाचे कागद झाले. इंदूने मागची खोली रिकामी केली. माझा रेडिओ आणि हत्यारांची पेटी बाहेर व्हरांड्यासारखा भाग आहे तिथे ठेवली. भिंतींना पिवळा रंग दिला. स्वेटर विणायला घेतला, मापाचा अंदाज करून, आणि पुन्हा उसवून पुन्हा. मी कामावरून आलो की ताट वाढायची पण नजर दाराकडे, टपालाच्या फटीकडे. माझ्याशी बोलायची ती सगळं मंदाचंच. मंदाला दूध आवडेल का, मंदाला थंडी सोसेल का.

तुम्ही म्हणाल, परिस्थितीची अडचण असेल. नव्हती. पोरगी वाईट होती का? पाच वर्षांचं लेकरू वाईट असतं? मला ती नको होती, एवढंच. परक्या मुलखात माझ्या वाट्याला एकच माणूस आलं होतं आणि ते मला अर्धं करायचं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीचा हेवा केला मी. खरं तेच आहे.

पत्र आलं तेव्हा मी घरी होतो. लांब पाकीट, सरकारी. इंदूला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मलाही कुठे येत होतं? पण कारखान्यात सुट्टीची चिठ्ठी दिली की तिच्यावर शिक्का मारून परत यायची — ग्रँटेड. तो शब्द मी दुरूनही ओळखला असता. पत्राच्या दुसऱ्या ओळीत तो होता. खाली मुदतीची तारीख होती; अमुक महिन्यांत पोरीला घेऊन या, हे वकिलाने आधीच सांगून ठेवलं होतं.

मी वाचत राहिलो. वाचण्यासारखं उरलं नव्हतं तरी वाचत राहिलो. इंदू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, हातात ते विणकाम. माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडावर आनंद दिसला नसेल. मग तीच म्हणाली, "नाही म्हणाले ना?"

मी मान हलवली.

बघा, बोललोसुद्धा नाही. तिने विचारलं, मी मान हलवली. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही, फक्त मान हलवली. त्या क्षणी थांबवता आलं असतं. अगं नाही, हो म्हणालेत, तुझी गंमत केली — एवढंच म्हणायचं होतं. ती रडली असती, मला चार गुद्दे मारले असते.

ती एवढंच म्हणाली, "दत्तक नामंजूर." तिला नवल वाटलंच नाही. दुसरी कुठली बाई असती तर म्हणाली असती, का? कुणी? दाखवा कागद दुसऱ्या कुणाला. पण ती त्या घरातली. गोऱ्यांनी दत्तक नाकारलं हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. माझं खोटं मला रचावं लागलंच नाही. ते तिच्या घरात शंभर-सव्वाशे वर्षं तयार होतं, मी फक्त त्यात जाऊन उभा राहिलो.

तिने एकदाच विचारलं, "पुन्हा अर्ज करायचा का?" मी म्हटलं, "तुमच्या राणीने विलायतेपर्यंत अर्ज केले होते. काय झालं?"

तिची गोष्ट मी तिच्याच तोंडावर मारली. मान हलवली ते एक वेळ बाजूला ठेवा. हे मी जाणूनबुजून केलं. विचार करून.

अण्णांना कळवलं: नामंजूर झालं, तुम्हालाही नक्कल येईल, तोच तो नकार, कुणाला दाखवत बसू नका, उगाच अब्रू जाते. अण्णांनी हातात आलेला कागद कुणाकडून वाचून घेतला नाही. दाजी विलायतेत असतात, त्यांना कळतं. जावयाच्या शब्दावर शंका घ्यायची रीत त्या घरात नव्हती. कागद ट्रंकेत गेला, आणि पुढे ती ट्रंक मंदाबरोबर तिच्या सासरी. आमच्याकडचा मी फाडून कारखान्यातल्या तेलकट चिंध्यांच्या पिंपात टाकला. मुदत उलटून गेली.

इंदूने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. कुलूप वगैरे नाही. नुसतं लावलं. मी रेडिओ परत आत न्यायला गेलो तर म्हणाली, "तिथे काही ठेवायचं नाही."

मंदा सातवीपर्यंत शिकली. मग अण्णांच्या घरचं धुणंभांडं. सतराव्या वर्षी लग्न करून दिलं, नवरा पिणारा. लोकांचे ब्लाउज शिवून तिने पोरीला इंजिनीयर केलं आणि दोन वर्षांपूर्वी गेली. दिवाळीला तिचा फोन यायचा. एकदा इंदूने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, मला ऐकू यावं म्हणून. मंदा तेव्हा तिशीची होती, पदरात केतकी. म्हणाली, "आत्या, एक विचारू? माझ्यात काय वाईट होतं म्हणून त्यांनी नको म्हटलं?"

इंदू म्हणाली, "तुझ्यात नाही गं बाई. त्यांच्यात होतं."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं.

म्हणजे दरवर्षी ती तिथी यायची, आम्ही अंधारात बसायचो, ती मुनशीला शिव्या द्यायची, आणि मुनशी तिच्या शेजारी सेटीवर बसलेला असायचा. चाळीस वर्षांच्या वर. अंधार संपवायचा मानही त्याचाच.

आता शुक्रवार. यंदा तिथी नेमकी त्याच दिवशी आली. बुधवारी मी म्हटलं होतं, "एवढ्या लांबून कशाला तिला त्रास? आपणच जाऊ कधीतरी." इंदू कणीक मळत होती. "तुम्हाला पाहुणे नकोच असतात," ती म्हणाली. "पहिल्यापासून." आणि कणकेला एक गुद्दा मारला. साधंच बोलली असेल. की नसेल? मला आता काय कळणार?

चादर घालून झाली, पोरीसाठी करंज्या झाल्या, चार वाजले. तिने दिवे घालवले. आम्ही बसलो. खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा होता तेवढाच. तिचं तोंड दिसत नव्हतं.

"उद्या केतकी तो कागद वाचेल," ती म्हणाली. "निदान सही कुणाची आहे ते तरी कळेल. इतकी वर्षं नुसतं साहेब-साहेब म्हणतेय. नाव घेऊन शिव्या घालता येतील."

मी खिडकीबाहेरच्या दिव्याकडे बघत राहिलो.

"अहो, त्या मुनशीला झोप लागत असेल का हो?"

"मला काय माहीत."

"लागत असेल," ती म्हणाली. "इनाम मिळालं होतं ना."

मग ती वाट बघत असल्यासारखी बसून राहिली. अंधारात माणूस सांगून टाकू शकतो. मी तोंडही उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. आणि म्हणालो, "लाव आता."

"एवढ्यात?" ती म्हणाली. "अजून साडेचारसुद्धा झाले नाहीत."

"लाव म्हटलं ना."

"लावते. तुमचा हुकूम." गुडघ्यावर हात टेकून उठली. काडी ओढली, समई लावली. उजेडात माझ्याकडे बघितलं नाही. रात्री भात केला, कढी केली, गोळ्या घेतल्या, झोपली.

सकाळी मी चहा घेऊन वर गेलो. साडेसात झाले असतील. हाक मारली. खांद्याला हात लावला, आणि हाताला कळलं.

आता जे सांगतो त्यासाठीच एवढं लिहिलं. पन्नासहून जास्त वर्षं संसार केलेली बायको मरून पडली होती आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आता ती वाचणार नाही. हे आलं. दुःख मागून आलं — आलं, अजून जात नाही, तिची चप्पल दाराशी आहे ती मला उचलवत नाही. पण पहिलं ते आलं. सुटलो, असं वाटलं. एक श्वास मी मोकळा घेतला. तिच्या उशाशी उभा राहून.

अँब्युलन्सची माणसं आली, तपासून गेली. डॉक्टर आली. न्यायला येणारे दुपारी येणार होते. केतकीला फोन करायला हवा होता. ती गाडीत बसली असणार. मी केला नाही.

साडेदहाला बेल वाजली. पोरगी दारात, पाठीवर पिशवी, हातात मिठाईचा डबा. तोंडवळा हुबेहूब मंदाचा. "आजोबा, सॉरी हं, ट्रेन लेट होती—"

"इंदू गेली," मी म्हटलं. "सकाळी."

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. त्याच. खूप रडली. मग वर जाऊन आजीला बघून आली, तोंड धुतलं आणि पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. "हे तिच्यासमोर उघडायचं होतं मला."

उघडलं. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. ती वाचत होती, मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. डोळे दुसऱ्या ओळीवर थांबले. पुन्हा मागे गेले.

"आजोबा… इट सेज ग्रँटेड." तिचा आवाज बारीक झाला. "यात तर हो म्हटलंय. आई येऊ शकत होती. हे काय आहे?"

आता लपवायचं तरी कुणापासून होतं? इंदू वर होती, तिला ऐकू येणार नव्हतं. मंदा नव्हती. अण्णा नव्हते. समोर एक पोर होती आणि तिला खरं हवं होतं, बाकी काही नको होतं.

"ते पहिलं पत्र," मी म्हटलं. "नंतर दुसरं आलं. त्यात नामंजूर केलं."

अडखळलोसुद्धा नाही. ह्या वेळी नुसती मान हलवली नाही, तोंडाने बोललो.

"देऊन परत काढून घेतलं? हाऊ कुड दे?"

"गोऱ्यांचं काय सांगावं," मी म्हटलं. "संस्थानाचंही तसंच केलं होतं त्यांनी. आजीने सांगितलं असेल तुला."

"आई सांगायची," ती म्हणाली. आणि तिचं तोंड घट्ट मिटलं, इंदूचं मिटायचं तसंच. मी बघत होतो. त्या घरातलं ते जुनं माझ्या डोळ्यांदेखत आणखी एका पोरीत उतरत होतं.

ती वर गेली. मी मागोमाग गेलो. तिने कागदाची घडी घातली आणि इंदूच्या हाताखाली सरकवली. "आजीबरोबर जाऊ दे," म्हणाली. "चालेल ना, आजोबा?"

"जाऊ दे," मी म्हटलं.

मग तिने खालून समई आणली, इंदूच्या उशाशी ठेवली, वात सारखी केली. काडी हातात धरून माझ्याकडे बघत थांबली. ती रीत तिने कधी पाहिली नव्हती. नुसतंच वडीलधाऱ्याला विचारावं म्हणून थांबली.

मी म्हटलं, "लाव आता."